शब्दाचा उपास

ती चिठ्ठी मी लिहिली होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडील म्हणजे नाना गेले, आई गेली, त्यांना नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बायकोलाही नाही. वहीच्या कोपऱ्यातून फाडलेला बोटभर कागद होता आणि त्यावर एकच शब्द होता. आठवी ‘ब’च्या वर्गात खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरून तो निघाला, शेवटच्या बाकापर्यंत गेला, तिथून मधल्या रांगेत वळला आणि मुलींच्या रांगेत जाऊन संपला. मी आता स्वतः शिक्षक आहे. वर्गात चिठ्ठ्या फिरतात त्या मला पाठमोरा असतानाही कळतात, आणि पकडल्या तरी मी त्या उघडून वाचत नाही. पोरांना वाटतं, सर दिलदार आहेत. त्यांना काय सांगायचं?

त्या वर्षाची मला आधी काय आठवण येते, तर पाय हलण्याची. माझा उजवा पाय वर्गात बसलं की आपोआप हलायला लागायचा. बाक हलायचा, शेजारच्याचं अक्षर बिघडायचं, तो कोपर मारायचा, पाय दोन मिनिटं थांबायचा आणि पुन्हा सुरू. घरी तो कधी हलला नाही. घरी बसायला वेळच नसायचा. शास्त्राला आम्हाला देवरे सर होते. चांगले गृहस्थ, कधी हात उगारला नाही. पण त्यांच्याकडे एक पिवळी पडलेली वही होती आणि ते ती वही आम्हाला लिहून द्यायचे. ‘लिहा. पदार्थाच्या तीन अवस्था आहेत. पूर्णविराम. पहिली, स्वल्पविराम, स्थायू.’ पस्तीस मिनिटांचा तास असा विरामचिन्हांसकट आमच्या बोटांतून वाहायचा. सरांनी एकदा खोकताना ‘थांबा’ म्हटलं, तर पुढच्या बाकावरच्या एकीनं तेही लिहून घेतलं होतं. त्या तासात मी छताच्या पत्र्याचे खिळे मोजले आहेत, पंख्याच्या पात्यावर बसलेली माशी पंखा सुरू झाल्यावर किती वेळ टिकते ते पाहिलं आहे, कंपासच्या टोकानं बाकावर एक अख्खी विहीर कोरली आहे, रहाटासकट. कंटाळा म्हणजे आळस असं मोठ्या माणसांना वाटतं. मला आठवतो तो कंटाळा अंगात मुंग्या धावल्यासारखा होता. काहीतरी करायला हात शिवशिवत होते आणि करण्यासारखं समोर काही नव्हतं.

मग दिवाळीनंतर बी.एड.वाले यायला लागले. शहरातल्या कॉलेजचे विद्यार्थी शिकवण्याचा सराव करायला आमच्या शाळेत यायचे, त्या तासांना पाठ म्हणत. हातात गुंडाळलेला तक्ता, छडी, रंगीत खडू, आणि पाठीमागच्या बाकावर त्यांना गुण देणारे कुणीतरी. त्यांच्या पाठाची एक ठरलेली घडी असायची आणि दोन-चार पाठ बघितल्यावर ती आम्हाला त्यांच्यापेक्षा चांगली पाठ झाली. आधी प्रस्तावना. म्हणजे विषयाचं नाव आपण सांगायचं नाही. असे चार-पाच प्रश्न विचारायचे की शेवटच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पोरांच्याच तोंडून तो शब्द यावा. तो आला की सरांचा चेहरा खुलायचा, ते ‘शाब्बास! तर आज आपण याचाच अभ्यास करणार आहोत’ म्हणायचे आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत तो शब्द लिहायचे. शब्द आला नाही तर पाठ पुढे सरकायचा नाही. मागे बसलेल्यांच्या तक्त्यात त्याला वेगळे गुण असायचे.

हे माझ्या लक्षात आलं आणि मी खेळ काढला. मीच. माझ्या मागच्या बाकावरच्या मंग्याचं नाव पुढे झालं, कारण तो मोठ्यानं हसायचा, पण डोकं माझं होतं. सर वर्गात शिरले की गुंडाळलेल्या तक्त्याच्या कडेतून दिसणारा रंग, पिशवीतून डोकावणारी वस्तू, छडीला अडकवलेलं चित्र, यावरून मी आजचा शब्द ओळखायचा, चिठ्ठीवर लिहायचा, आणि त्या शब्दाचा सगळ्या वर्गानं उपास धरायचा. बाकी काहीही बोला, तेवढा शब्द तोंडातून काढायचा नाही. पहिल्यांदा ‘भूकंप’ होता. एक गोऱ्या बाई आल्या होत्या. ‘मुलांनो, घरातली भांडी धडाधड पडतात, दारं-खिडक्या आपटतात, माणसं घराबाहेर पळत येतात, तेव्हा काय झालेलं असतं?’

मंग्या हात वर करून उभा राहिला. ‘बाई, भांडण.’

वर्ग फुटला. बाईसुद्धा हसल्या, मग रडकुंडीला आल्या, शेवटी त्यांनी स्वतःच फळ्यावर शब्द लिहिला. त्या पस्तीस मिनिटांत माझा पाय एकदाही हलला नाही. तेव्हापासून मला वर्गात किंमत आली. मी गावाकडून सायकलवर येणारा, तेलानं चोपडलेल्या केसांचा. बाकीचे कॉलेजरोडचे, पंचवटीतले, कुणाचे वडील बँकेत, कुणाचे कलेक्टर कचेरीत. मंग्याचे वडील यात्रेकरूंच्या पूजा सांगायचे, त्यामुळे मंग्याची भाषा अशी घासूनपुसून की देवरे सरांनाही तो दुरुस्त करायचा. असा मंग्या माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, ‘विल्या, आज कोणाचा उपास?’ आणि मी कधी चुकलो नव्हतो. एकदाही नाही.

आमचं घर मखमलाबादच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला. पावणेदोन एकर, त्यात गुलाब, निशिगंध आणि थोडी शेवंती. पहाटे अंधारात तोडणी सुरू व्हायची. निशिगंधाचा वास लोकांना लग्नाचा वाटतो. मला तो अजून झोपेचा वाटतो, अर्धवट राहिलेल्या. आईच्या हातात कातर, नानांच्या डोक्याला मफलर, आणि माझं काम पाट्या भरून झाल्या की गोणपाट भिजवून त्यांच्यावर टाकायचं. फुलांवर थेट पाणी मारायचं नाही, डाग पडतो. गोणपाट भिजवायचं, पिळायचं, झाकायचं, आणि नाना लूनावर पाट्या बांधून बाजाराला. मग आईची बाजरीची भाकरी आणि रात्रीचं वांगं, आणि मी आंघोळ करून, नखातली माती काडीनं काढून, दुसऱ्या एका मुलासारखा होऊन शाळेला. घरी आम्ही ‘पानी’ म्हणायचो. पाचवीत पहिल्याच आठवड्यात वर्ग त्याला हसला, तेव्हापासून मी शाळेत ‘पाणी’ म्हणायला शिकलो. घरी आलो की परत ‘पानी’. दोन चपला असाव्यात तशा दोन भाषा होत्या.

विहिरीजवळच्या पंपाच्या खोलीत त्या वर्षी भोये सर राहायचे. सुरगाण्याच्या बाजूचे, डोंगरातल्या एका पाड्यातले, त्यांच्या घरातले पहिले पदवीधर. बी.एड.ला आले होते, शहरात खोली परवडेना, कुणीतरी नानांचं नाव सांगितलं. नानांनी भाडं घ्यायचं नाकारलं. ‘सर, पहाटं चार पाट्या उचलू लागा, झालं.’ ते चार नाही, सगळ्याच उचलायचे. गावाहून येताना नागलीचं म्हणजे नाचणीचं पीठ आणि खुरासणीची काळी चटणी आणायचे. आई त्यांच्यासाठी नागलीची भाकरी थापायला शिकली. ती मोडायची आणि दोघंही हसायचे. ‘वहिनी, ही नागली रुसते. हिला कढत पान्यानंच मळावं लागतं.’ सर उंचीनं कमी, मनगटं जाड, आणि बोलताना दर वाक्याआधी क्षणभर थांबायचे, ओढ्यात पाय ठेवण्याआधी दगड हलतोय का बघावं तसे.

एक दिवस ते पाट्या बांधताना मध्येच थांबले आणि नानांना म्हणाले, ‘नाना, एक इचारू का? गोणपाट ओलं का करायचं? नुसतं झाकलं तर?’

‘नुसतं झाकलं तर फुलं उकडून मरतील.’

‘मग ओलं केल्यानं काय होतंय?’

नानांनी बिडी विझवली. त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. ‘असं बघा, पानी काय फुकट उडत नाही. उडताना गर्मी संगं घेऊन जातं. गोणपाटातलं पानी उडतं, त्ये पाटीतली गर्मी घेऊन जातं, म्हणून फुलं गार. माझ्या बापानं सांगितलं. खरं-खोटं तुम्ही सांगा, तुम्ही शिकलेले.’

सरांनी खिशातून चिठोरं काढून लिहून घेतलं. ‘नाना, हेच तर हाय पुस्तकात. फक्त इतकं सोपं नाय.’

मी पाटीची दोरी धरून उभा होतो. देवरे सरांच्या पिवळ्या वहीत तेच होतं, मी ते चांगल्या अक्षरात लिहूनही घेतलं होतं, आणि ते आमच्या पाटीबद्दल आहे हे त्या पहाटेपर्यंत मला कळलं नव्हतं.

वर्गात आम्ही एकाच घरचं जेवतो हे कुणाला माहीत नव्हतं. डिसेंबरात सरांनी आमच्याच वर्गावर एक सरावाचा पाठ घेतला होता. घाबरले की त्यांची भाषा घरी जायची. ‘पानी’ म्हणाले, तीनदा. मधल्या सुटीपर्यंत त्यांचं नाव ‘पानीसर’ पडलं. मंग्या त्यांची नक्कल करायचा, आणि मी हसायचो. सगळ्यांपेक्षा थोडा जास्तच हसायचो. सर शाळेच्या आवारात दिसले तर मी पाण्याच्या टाकीमागे जायचो. त्यांनीही ते ओळखलं असणार, कारण त्यांनी मला शाळेत कधी हाक मारली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांचा वार्षिक पाठ आला. हा सरावाचा नव्हे, परीक्षेचा. बाहेरून परीक्षक येतात, यात गेलं की वर्ष गेलं. त्यांच्या भागातल्या एका आश्रमशाळेत जागा होती, तिथल्या मुख्याध्यापकांनी शब्द दिला होता: पास हो आणि जूनपासून ये. मागे दोन बहिणी होत्या. हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण आई रोज विचारायची. चिठ्ठ्या टाकून वर्ग ठरले आणि भोये सरांना आठवी ब आली. विषय बाष्पीभवन.

आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी विहिरीच्या कट्ट्यावर पाठाची तालीम केली. वर्ग म्हणून मी आणि नाना. सर कोऱ्या शर्टात. ‘मुलांनो, बाजारात नेताना फुलांच्या पाटीवर काय टाकतात?’

‘गोणपाट,’ नाना म्हणाले. ‘पण सर, मुलांना घाई असती, इतक्या हळू इचारू नका.’

‘नाना, तुम्ही हात वर करून बोला.’

नानांनी खरंच हात वर केला. आई भाजी निवडता निवडता हसून वाकली. असं करत शेवटचा प्रश्न आला: ‘ओल्या गोणपाटातलं पाणी बाजारात पोचेपर्यंत कमी होतं. ते गेलं कुठे? या क्रियेला काय म्हणतात?’ सर माझ्याकडे वळले. पाणी म्हटलं होतं त्यांनी, नीट, ण लावून. दोन महिने ते त्यावर मेहनत घेत होते.

‘बाष्पीभवन,’ मी म्हणालो.

सर कट्ट्यावर माझ्याजवळ बसले. खाली बघत म्हणाले, ‘विलास, तुझा वर्ग मला ठाऊक हाय. ती पोरं काय करतात तेबी कळतं मला. सगळी गप बसली तर तू सांगशील? एवढंच. मी तुझं नाव घेणार नाय, नुसता हात वर कर.’

‘हो सर,’ मी म्हणालो. सहज म्हणालो. त्या वेळी खरंच सांगणार होतो.

सोमवारी तिसऱ्या तासाला सर आले. उन्हं तापायला लागली होती, पत्रा वरून भाजत होता. मागच्या बाकावर परीक्षक येऊन बसले, सफारी घातलेले, मांडीवर फाईल, समोर घड्याळ काढून ठेवलेलं. सरांच्या हातात तक्ता नव्हता. एक तांब्या होता आणि घडी घातलेलं गोणपाट. आमचं. त्याच्या कोपऱ्यावर नानांनी निळ्या दोऱ्यानं घातलेली खूण मला बाकावरून दिसत होती.

मंग्या मागून पुटपुटला, ‘विल्या, पानीसर गोणी घेऊन आलाय. कांदे विकणार काय? सांग लवकर, शब्द काय?’

इथे मी आजही थांबतो. मला काहीही लिहिता आलं असतं. ‘ताग’ लिहिलं असतं. ‘पाऊस’ लिहिलं असतं. चुकीचा शब्द दिला असता तर वर्गानं चुकीचा उपास धरला असता, खरा शब्द कुणीतरी अभ्यासू मुलीनं विचारल्याबरोबर देऊन टाकला असता आणि सर सुटले असते. इतकं सोपं होतं. फक्त मी चुकलो असतो. माझा अंदाज चुकला असं चाळीस जणांना वाटलं असतं, एवढंच. मी कागद फाडला आणि लिहिलं: बाष्पीभवन. अक्षरसुद्धा नीट काढलं.

सरांनी पहिला प्रश्न विचारला. पाटीवर काय टाकतात? कुणीतरी ‘फुलं’ म्हणालं. दुसरा, तिसरा. उत्तरं येत होती, सगळी बाजूबाजूनं जाणारी.

‘हे गोणपाट सकाळी ओलं होतं. आता बघा, कोरडं. यातलं पाणी कुठे गेलं?’

‘सर, गळालं.’

‘पिळून काढलं होतं.’

‘सर, चोरीला गेलं,’ मंग्या म्हणाला. हशा. परीक्षकांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं.

‘ओले कपडे दोरीवर वाळतात, तेव्हा...’ सरांनी गोणपाट वर धरलं. ‘तेव्हा त्यातलं पानी...’

मागून दबक्या आवाजात ‘पानी, पानी’ सुरू झालं. सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि ती खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर आली. मी हात वर करायचा होता. माझे दोन्ही हात मांडीखाली होते. सर थांबले, दगड हलतोय का बघावं तसे. परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग सरांनी जे करणार नाही म्हटलं होतं ते केलं.

‘विलास, तू सांग.’

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. बी.एड.वाल्यांना आमची नावं माहीत नसायची. ते ‘तू’, ‘निळा शर्ट’, ‘खिडकीजवळचा’ असंच म्हणायचे. मी उभा राहिलो. समोर माझं गोणपाट होतं, माझ्या बापाचं उत्तर होतं, आणि मागे मंग्याचे डोळे बारीक झाले होते.

‘माहीत नाही, सर.’

एवढंच बोललो. आवाज स्वच्छ होता. शहरातला.

‘बस,’ सर म्हणाले. मंग्यानं बाकाखालून लाथ मारली. ‘त्याला तुझं नाव कसं माहीत बे?’ ‘काय माहीत,’ मी म्हणालो.

परीक्षकांनी आणखी एक-दोन मिनिटं वाट पाहिली. मग सही केली, टोपण लावलं, घड्याळ मनगटावर चढवलं आणि उठून पुढच्या वर्गावर गेले. त्यांना त्या दिवशी असे कितीतरी पाठ बघायचे असतील. दार लोटलं गेलं. सर फळ्यापाशी उभे होते. फळा कोरा होता. तासाची वीस मिनिटं शिल्लक होती. आम्हाला वाटलं, आता हे आरडाओरडा करतील, किंवा निघून जातील.

त्यांनी पाठाची वही मिटून टेबलावर ठेवली. तांब्या उचलला आणि पहिल्या बाकापाशी आले. ‘हात पुढं करा. उलटे.’ तांब्यात दोन बोटं बुडवून त्यांनी पहिल्या मुलीच्या हातावर ओली रेघ ओढली. मग दुसरीच्या. मग रांगेनं. ‘आता फुंकर मारा. दुसऱ्या कोरड्या हातावर पण मारा. कुठला गार लागला? मला नका सांगू, शेजारच्याला सांगा.’ वर्गात कुजबूज झाली, पण ती वेगळी होती. ‘फुंकर एकच हाय ना तुमची? मग एक हात गार का?’ पुन्हा ‘हाय’, पण कुणी हसलं नाही. सगळे फुंकर मारत होते. त्यांनी पंखा लावायला सांगितला, बंद करायला सांगितला. गोणपाट अर्धं भिजवून मंग्याच्या डोक्यावर ठेवलं. मंग्या ते काढून फेकेल असं वाटलं, तर तो डोळे मिटून बसला आणि म्हणाला, ‘सर, मग कुत्रं जीभ बाहेर काढतं ते यासाठीच का?’ कुणी विचारलं, माठ पाझरतो तो खराब असतो का. एकीनं विचारलं, ताप आल्यावर आई कपाळावर पट्टी ठेवते ती गार पाण्याची नसली तरी चालेल का. सरांना एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही. ते म्हणाले, ‘हे मला ठाऊक नाय. बघून सांगतो.’ शिक्षक असं म्हणू शकतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

ते माझ्याही बाकाशी आले. मी हात पुढे केला. त्यांनी बाकीच्यांच्या हातावर ओढली तशीच रेघ माझ्या हातावर ओढली, तेवढीच लांब, आणि पुढे गेले. माझ्याकडे पाहिलं नाही, पण टाळलंही नाही. मी फुंकर मारली. रेघ कडेनं आत आत येत गेली, एक ठिपका राहिला, मग तोही गेला. घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. शब्द शेवटपर्यंत फळ्यावर लिहिला गेला नाही, आणि तो न येणारं त्या वर्गात एकही पोर उरलं नव्हतं.

संध्याकाळी आईनं शेवयांची खीर केली होती. नाना ओट्यावर वाट बघत होते. ‘काय सर, कसा झाला पाठ? पोरांनी दिली का उत्तरं?’

‘बरा झाला, नाना. पोरं हुशार हायेत.’

‘आमचा बोलला का?’

सरांनी खिरीचा घोट घेतला. ‘बोलला ना.’

मी भिंतीकडे तोंड करून दप्तर भरत होतो. दुसऱ्या दिवसाचं दप्तर मी कधीच आदल्या संध्याकाळी भरत नसे.

लेखी परीक्षा झाल्यावर सर गावी गेले. जाताना आईच्या पाया पडले, गोणपाट धुऊन वाळवून घडी घालून ठेवून गेले. मे महिन्यात त्यांच्यासोबतचा एक जण लग्नाच्या हारांसाठी मळ्यात आला, त्याच्याकडून कळलं की भोये वार्षिक पाठात नापास झाले. आश्रमशाळेतल्या जागेवर दुसरा माणूस घेतला. पुन्हा बसायला ते आले नाहीत. नाना गुलाबाच्या ओळीतून माझ्याकडे आले. ‘पाठ तर बरा झाला म्हणाला. तू होतास ना रे वर्गात?’

‘होतो.’

‘मग?’

‘काय माहीत.’

मी शिक्षक झालो, शास्त्राचाच. आता वर्गात फळ्याच्या जागी पडदा आहे, त्यावर ढग हलतात, समुद्रातून लाल-निळे बाण वर जातात, आणि पोरांचे पाय बाकाखाली हलतात. मला ते दिसतात. काही वर्षं मीही वही वाचून दाखवली आहे, पूर्णविरामासकट. घरी आजारपण होतं, मुलीचं बारावीचं वर्ष होतं, कारणं असतातच. पण बाष्पीभवन आलं की मी पडदा बंद करतो, तांब्या घेतो आणि रांगेनं जाऊन हातांवर ओल्या रेघा ओढतो. पोरं जागी होतात. एकदा शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला तो तास सगळ्यांपुढे घ्यायला लावला. टाळ्या झाल्या. साहेबांनी विचारलं, ‘कुठून सुचलं हे?’ मी म्हणालो, ‘असंच, शिकवता शिकवता.’ जेवणाच्या सुटीत माझा पाय टेबलाखाली हलायला लागला, तो घरी येईपर्यंत थांबला नाही.

गेल्या महिन्यात माझ्या वर्गावर एक बी.एड.ची मुलगी पाठ घ्यायला आली होती, पेठकडच्या डोंगरातली. मी मागच्या बाकावर गुणांचा तक्ता घेऊन बसलो होतो. तिनं प्रस्तावनेचा शेवटचा प्रश्न विचारला आणि वर्ग गप्प राहिला. तो खोडसाळपणा होता की कंटाळा, मला मागून कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली, घाबरून. मी तक्ता मिटला, पेन खिशात ठेवलं आणि म्हणालो, ‘गुण देऊन झाले आहेत, चांगले आहेत. आता तुला शिकवायचं तसं शिकव.’ त्यानं काही फिटत नाही, हे मला माहीत आहे. घरी येऊन हे लिहायला बसलो.

त्यांच्या पाड्याचं नाव मला माहीत आहे. सुरगाण्याची गाडी जुन्या स्टँडवरून सुटते. दोनदा मी तिथवर गेलो, एकदा गाडीत बसलोही, आणि कंडक्टर यायच्या आत उतरलो. सर आता सत्तरीकडे आले असतील, असतील तर. मी त्यांना एक उत्तर देणं लागतो. उभं राहून, मोठ्यानं, त्यांनी नाव घेऊन विचारलं होतं तसं. ते मला त्या दिवशी येत होतं.